नाइट्स ऑफ कोलंबस : विधवा-अनाथांच्या काळजीतून उभा राहिलेला बंधुसंघ

अमेरिकेतील कनेक्टिकट राज्याच्या विधिमंडळाने २९ मार्च १८८२ रोजी ‘नाइट्स ऑफ कोलंबस’ या कॅथोलिक पुरुषांच्या बंधुसंघाला अधिकृत सनद दिली. तेव्हापासून २९ मार्च हा दिवस संघाचा संस्थापनादिन म्हणून पाळला जातो. १९८२ साली या संघाने शताब्दी आणि २००७ साली शतकोत्तर रौप्यमहोत्सव साजरा केला. २०३२ साली तो दीडशे वर्षे पूर्ण करील. न्यू हेवन या शहरातील एका चर्चच्या तळघरात मूठभर कामगारांच्या सभेने सुरू झालेल्या या संघाचे आज सुमारे वीस लाख सदस्य आहेत. कॅथोलिक पुरुषांची जगातील सर्वांत मोठी बंधुसंघटना म्हणून तो ओळखला जातो.

वर्धापनदिन आला की मिरवणुका निघतात, भाषणे होतात, स्मरणिका छापल्या जातात. तो आनंद रास्तच आहे. परंतु हा संघ एका साध्या प्रश्नातून जन्माला आला होता : घरातील कर्ता पुरुष अचानक गेला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या बायकामुलांनी काय करावे? संघाच्या प्रत्येक वर्धापनदिनाची खरी कसोटी हाच प्रश्न आहे. म्हणून त्या प्रश्नाच्या मुळाशी जाऊन संघाचा इतिहास समजून घेणे उचित ठरेल.

संस्थापक : फादर मायकल मॅकगिव्हनी

संघाचे संस्थापक फादर मायकल जोसेफ मॅकगिव्हनी यांचा जन्म १२ ऑगस्ट १८५२ रोजी कनेक्टिकटमधील वॉटरबरी या गावी झाला. त्यांचे आईवडील आयर्लंडहून अमेरिकेत स्थलांतरित झाले होते. वडील पॅट्रिक पितळेच्या कारखान्यात साचेकाम करीत. या दांपत्याला तेरा अपत्ये झाली. त्यांपैकी सहा बालपणीच दगावली. मायकल हा त्यांचा थोरला मुलगा. तेराव्या वर्षी शाळा सोडून तो कारखान्याच्या चमचे बनविणाऱ्या विभागात कामाला लागला. धर्मगुरू होण्याची ओढ मात्र त्याच्या मनात कायम होती. १८६८ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, तो कॅनडातील क्विबेक प्रांतात सेमिनरीच्या शिक्षणासाठी गेला.

१८७३ साली वडिलांचे निधन झाले. घरी आई आणि लहान भावंडे. मायकलला शिक्षण अर्धवट टाकून घरी परतावे लागले आणि त्याचे धर्मगुरुपद जवळजवळ हातचे निसटले. हार्टफर्डच्या बिशपांनी मदतीचा हात दिला म्हणूनच तो बाल्टिमोर येथील सेंट मेरीज सेमिनरीत पुढील शिक्षण घेऊ शकला. २२ डिसेंबर १८७७ रोजी आर्चबिशप जेम्स गिबन्स यांच्या हस्ते बाल्टिमोरच्या कॅथेड्रलमध्ये त्याला गुरुदीक्षा मिळाली. वडिलांच्या मृत्यूने घरावर काय ओढवते, हे या तरुण धर्मगुरूला कोणी पुस्तकातून शिकविण्याची गरज उरली नव्हती.

त्यांची पहिली नेमणूक न्यू हेवन येथील सेंट मेरीज चर्चमध्ये सहायक धर्मगुरू म्हणून झाली. येल विद्यापीठाच्या परिसरातील हिलहाउस अ‍ॅव्हेन्यू या धनिक वस्तीच्या रस्त्यावर ते चर्च नुकतेच उभे राहिले होते आणि धर्मग्रामावर मोठे कर्ज होते. प्रतिष्ठितांच्या वस्तीत आयरिश मजुरांचे चर्च उभे राहिले, ही गोष्ट अनेकांना खुपली. १८७९ साली न्यूयॉर्कच्या एका प्रमुख वृत्तपत्राने या चर्चमुळे त्या रस्त्याची शोभा बिघडली, अशा आशयाचा लेख छापला होता. कॅथोलिकांकडे त्या काळी कोणत्या नजरेने पाहिले जाई, याची त्यावरून कल्पना येते.

काळाची पार्श्वभूमी

आपल्याकडे ‘लॉज’ म्हटले की मुक्कामाची जागा डोळ्यांपुढे येते. इंग्लंड-अमेरिकेत मात्र हा शब्द बंधुसंघांच्या स्थानिक शाखेसाठी वापरला जातो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत अशा बंधुसंघांचे मोठेच पेव फुटले होते. त्यांचे गुप्त विधी, दीक्षेच्या पायऱ्या, गणवेश यांचे लोकांना आकर्षण होतेच; परंतु त्याहून महत्त्वाचे कारण व्यावहारिक होते. कारखान्यातील कामगाराला त्या काळी ना निवृत्तिवेतन होते, ना अपघाताची भरपाई, ना सरकारी विमा. खाजगी विमा त्याला परवडत नसे. लॉजचा सदस्य झाल्यास आजारपणात थोडी मदत मिळे आणि मृत्यूनंतर कुटुंबाच्या हाती काही रक्कम पडे. लॉज म्हणजे गरिबाचा विमाच होता.

कॅथोलिक कामगारांची येथे कोंडी होत असे. पोप बारावे क्लेमेंट यांनी १७३८ साली फ्रीमेसन संघटनेत सामील होण्यास कॅथोलिकांना मनाई केली होती आणि त्यानंतरच्या पोपमहोदयांनी ती मनाई वेळोवेळी दृढ केली होती. पोप तेरावे लिओ यांचे या विषयावरील विश्वपत्र १८८४ सालचे. म्हणजे लॉजमध्ये जावे तर ख्रिस्तसभेची आज्ञा मोडते, न जावे तर बायकामुले उघड्यावर पडण्याची भीती, अशी ही स्थिती होती. (ही मनाई आजही कायम आहे. १९८३ साली व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धांतविषयक मंडळाने ती स्पष्ट केली आणि २०२३ साली फिलिपिन्समधील एका बिशपांच्या पृच्छेला उत्तर देताना तिचा पुनरुच्चार केला.)

फादर मॅकगिव्हनी यांनी ही कोंडी जवळून पाहिली होती. कर्ता पुरुष गेल्यावर विपन्नावस्थेतील कुटुंबांची वाताहत होई. मुलांच्या पालनपोषणाची हमी देता आली नाही, तर न्यायालय त्यांना घरापासून दूर करू शके. धर्मग्रामातील डाउन्स कुटुंबावर असा प्रसंग ओढवला, तेव्हा आल्फ्रेड डाउन्स या मुलाचे कायदेशीर पालकत्व फादरांनी स्वतः स्वीकारले. परंतु एकटा धर्मगुरू किती मुलांचा पालक होणार? जे एकट्याला शक्य नव्हते, ते शंभर जणांनी मिळून करावे, हा विचार त्यांच्या मनात पक्का होत गेला.

तळघरातील सभा

बॉस्टन येथे कॅथोलिक फॉरेस्टर्सचा आणि ब्रुकलिन येथे कॅथोलिक बेनेव्होलंट लीजनचा असे दोन संघ आधीच काम करीत होते. फादर मॅकगिव्हनी यांनी त्यांची पाहणी केली. मात्र कनेक्टिकटच्या कॅथोलिकांनी स्वतःचाच संघ काढावा, हे त्यांना अधिक योग्य वाटले. २ ऑक्टोबर १८८१ रोजी त्यांनी सेंट मेरीज चर्चच्या तळघरात काही प्रापंचिक पुरुषांची सभा बोलावली. हे सर्व साधे, कष्टाळू, बहुतांशी आयरिश वंशाचे लोक होते. चर्चा अनेक महिने चालली. ६ फेब्रुवारी १८८२ रोजी क्रिस्तोफर कोलंबस याचे नाव संघासाठी निश्चित झाले आणि पुढच्याच महिन्यात सनद मिळाली.

नावामागेही विचार होता. फादरांनी प्रथम ‘सन्स ऑफ कोलंबस’, म्हणजे कोलंबसचे पुत्र, हे नाव सुचविले होते. अमेरिकन यादवी युद्धात लढलेले जेम्स मुलन यांनी ‘नाइट्स’ हा शब्द पुढे केला. नाइट म्हणजे मध्ययुगीन युरोपातील व्रतबद्ध योद्धा. हेच मुलन पुढे संघाचे पहिले सर्वोच्च नाइट, म्हणजे अध्यक्ष झाले. कोलंबस हा कॅथोलिक होता. ज्यांना ‘तुम्ही परके, तुमची निष्ठा रोमला’ असे हिणवले जाई, त्या स्थलांतरितांनी त्याचे नाव घेऊन जणू उत्तर दिले की, या भूमीशी आमचे नाते तुमच्याइतकेच जुने आहे.

संघाच्या पहिल्या शाखेला ‘सान साल्वादोर’ हे नाव देण्यात आले. कोलंबसने १४९२ साली ज्या बेटावर पाऊल ठेवले, त्याला त्याने दिलेले हे नाव. त्याचा अर्थ ‘पवित्र तारणारा’. लॉज हा शब्द टाळून शाखांना ‘कौन्सिल’ म्हणण्यात आले. संघाची सूत्रे प्रापंचिकांच्या हाती राहिली, हेही लक्षणीय आहे. फादर मॅकगिव्हनी यांनी अध्यक्षपद स्वीकारले नाही. ते प्रथम सचिव झाले आणि १८८४ साली ते पद सोडून सर्वोच्च आध्यात्मिक मार्गदर्शक म्हणून राहिले.

एक डॉलरची व्यवस्था

संघाची मूळ योजना अगदी सोपी होती. एखादा सदस्य मृत्यू पावला की प्रत्येक सदस्याने एक डॉलर द्यावा आणि जमलेली रक्कम मृताच्या पत्नीच्या किंवा वारसांच्या हाती द्यावी. या साहाय्याची मर्यादा एक हजार डॉलर होती. सदस्यसंख्या हजाराच्या पुढे गेली की प्रत्येकाचा वाटा त्या प्रमाणात कमी व्हावा, अशी तजवीज होती. आजारी सदस्याला मदत करणे हाही संघाच्या उद्दिष्टांचा भाग होता. १८८२ च्या वसंत ऋतूत धर्मप्रांतातील सर्व धर्मग्रामांच्या धर्मगुरूंना पाठविलेल्या पत्रात फादरांनी उद्दिष्टे स्पष्ट केली होती : आपल्या माणसांना गुप्त संघटनांकडे जावे लागू नये म्हणून तितकेच किंवा अधिक चांगले लाभ त्यांना येथेच मिळावेत आणि आजारपणात व मृत्यूच्या वेळी श्रद्धावंतांनी एकमेकांच्या कुटुंबांचा आधार व्हावे.

या व्यवस्थेत एक अंगभूत दोषही होता. पंचविशीतला तरुण आणि पन्नाशीतला प्रौढ यांची वर्गणी सारखीच. सदस्यांचे वय वाढत गेले की मृत्यू वाढतात, वर्गणीची मागणी वारंवार येते, तरुण सदस्य संघ सोडतात आणि मागे राहिलेल्यांवरचा भार आणखी वाढतो. त्या काळातील अनेक बंधुसंघ याच कारणाने बुडाले. नाइट्स ऑफ कोलंबसने वेळीच वयानुसार वर्गणी आणि राखीव निधी यांची पद्धत स्वीकारली. त्या एक डॉलरच्या वर्गणीतून आज शंभर अब्ज डॉलरहून अधिक रकमेचे विमा संरक्षण देणारी संस्था उभी राहिली आहे. सद्भावनेला हिशोबाची जोड मिळाली नसती, तर ही वर्धापने साजरी करायला संघच उरला नसता.

तत्त्वे आणि विधी

दया, ऐक्य आणि बंधुत्व ही संघाची मूळ तत्त्वे होत. १९०० साली चौथी श्रेणी सुरू झाली आणि देशभक्ती हे चौथे तत्त्व मानले जाऊ लागले. १९६९ साली न्यू हेवन येथे उभ्या राहिलेल्या संघाच्या तेवीस मजली मुख्यालयाचे चार गोलाकार मनोरे या चार तत्त्वांचे प्रतीक मानले जातात.

प्रारंभापासून संघाचे दीक्षाविधी सदस्यांपुरतेच मर्यादित होते. कालांतराने तरुणांना त्याचे आकर्षण वाटेनासे झाले आणि पत्नी व मुले यांना दाराबाहेर ठेवणारा विधी कुटुंबासाठी स्थापन झालेल्या संघाला शोभेना. २०२० पासून पहिल्या तीन श्रेणींचा एकच संयुक्त विधी करण्यात आला. तो चर्चमध्ये, कुटुंबीय आणि धर्मग्रामाच्या उपस्थितीत होऊ शकतो.

विस्तार आणि सेवाकार्य

१८९७ साली संघ कॅनडात पोहोचला आणि १९०५ साली मेक्सिको व फिलिपिन्समध्ये त्याच्या शाखा निघाल्या. एकविसाव्या शतकात पोलंड, युक्रेन, लिथुएनिया, दक्षिण कोरिया आणि फ्रान्स येथेही तो रुजला. पहिल्या महायुद्धात संघाने सैनिकांसाठी विश्रांतिगृहे चालविली. ‘सर्वांचे स्वागत, सर्व काही विनामूल्य’ हे त्यांचे घोषवाक्य होते आणि धर्म वा वर्ण न पाहता ते पाळले गेले. युद्धानंतर पोप पंधरावे बेनेडिक्ट यांच्या निमंत्रणावरून संघाने रोममधील मुलांसाठी क्रीडांगणे उभारली. मेक्सिकोत १९२० च्या दशकात ख्रिस्तसभेचा छळ झाला, तेव्हा संघाचे सदस्य असलेल्या काही धर्मगुरूंनी प्राणार्पण केले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००० साली संतपद बहाल केलेल्या मेक्सिकन हुतात्म्यांमध्ये अशा सहा धर्मगुरूंचा समावेश आहे. १९८० च्या दशकात संत पेत्राच्या महामंदिराच्या दर्शनी भागाचा आणि २०२४ साली तेथील बर्निनीच्या प्रसिद्ध छत्रीचा जीर्णोद्धार संघाच्या आर्थिक साहाय्याने पार पडला.

इतिहासातील सावल्या

गौरवाच्या प्रसंगी उणिवांचा उल्लेख टाळण्याचा मोह होतो. परंतु प्रामाणिक स्मरणात त्यांनाही जागा हवी.

संघात प्रवेशासाठी सदस्यांचे गुप्त मतदान होत असे आणि मोजकी विरोधी मते उमेदवाराला नाकारण्यास पुरेशी ठरत. नियमांत वर्णभेद लिहिलेला नव्हता. व्यवहारात मात्र अनेक ठिकाणी कृष्णवर्णीय कॅथोलिकांना दार बंद राहिले. म्हणूनच १९०९ साली अलाबामातील मोबील येथे ‘नाइट्स ऑफ पीटर क्लेव्हर’ हा त्यांचा स्वतंत्र बंधुसंघ स्थापन झाला. गुलामांची सेवा करणाऱ्या संत पीटर क्लेव्हर यांच्या नावाचा हा संघ आजही कार्यरत आहे. दुसरीकडे १९२४ साली नाइट्स ऑफ कोलंबसच्याच इतिहासमालेत विख्यात कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांचे अमेरिकेच्या उभारणीतील कृष्णवर्णीयांच्या योगदानावरील पुस्तक प्रसिद्ध झाले. पुस्तकाला जागा मिळाली. पण माणसाला मिळायला आणखी चाळीस वर्षे जावी लागली. १९६४ साली मतदानाचे नियम बदलले आणि मूठभरांच्या विरोधाने उमेदवार डावलण्याची सोय संपली. ज्या संघाचा जन्म स्वतः झेललेल्या तिरस्कारातून झाला, त्याने इतरांना दाराबाहेर उभे ठेवावे, ही मोठी खेदाची गोष्ट होती.

कोलंबसच्या नावाकडेही आज वेगळ्या दृष्टीने पाहिले जाते. मूलनिवासी लोकांवर झालेल्या अत्याचारांची आठवण त्या नावाशी जोडलेली आहे. १८९२ साली न्यू हेवनमध्ये इटालियन स्थलांतरितांनी उभारलेला कोलंबसचा पुतळा जून २०२० मध्ये तेथून हलविण्यात आला. योगायोग असा की, त्याच वर्षी संघाचे संस्थापक वेदीच्या सन्मानास पात्र ठरले.

शताब्दी, शतकोत्तर रौप्यमहोत्सव आणि त्यानंतर

फादर मॅकगिव्हनी यांना संघाची भरभराट पाहता आली नाही. १८८४ साली त्यांची थॉमस्टन येथील सेंट थॉमस चर्चचे प्रमुख धर्मगुरू म्हणून नेमणूक झाली. इन्फ्लुएंझाच्या साथीच्या त्या दिवसांत त्यांना न्यूमोनियाने गाठले आणि १४ ऑगस्ट १८९० रोजी, अडतिसावा वाढदिवस होऊन दोनच दिवस झाले असता, त्यांचे निधन झाले. त्यानंतर अवघ्या नऊ महिन्यांनी, मे १८९१ मध्ये, पोप तेरावे लिओ यांचे ‘रेरुम नोवारुम’ हे कामगारविषयक विश्वपत्र प्रसिद्ध झाले. कामगार, त्याची विधवा आणि अनाथ मुले यांच्या आधारासाठी परस्पर साहाय्याच्या संस्था असाव्यात, असे त्यात प्रतिपादन केले आहे. एका सहायक धर्मगुरूने तळघरात जे सुरू केले होते, त्याला विश्वव्यापी ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीत असे स्थान मिळाले.

१९८२ च्या शताब्दी वर्षात संघाने दोन गोष्टी केल्या. ऑगस्ट महिन्यात हार्टफर्ड येथे भरलेल्या अधिवेशनात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी भाषण केले. वृत्तपत्रांनी त्याची दखल घेतली. दुसरी गोष्ट अधिक अर्थपूर्ण होती. वॉटरबरीच्या दफनभूमीत कुटुंबीयांच्या कबरींशेजारी विसावलेले फादर मॅकगिव्हनी यांचे अवशेष न्यू हेवनच्या सेंट मेरीज चर्चमध्ये आणण्यात आले. ज्या चर्चच्या तळघरात पहिली सभा भरली, तेथेच संस्थापक परतले. २००७ सालचे १२५ वे अधिवेशन नॅशव्हिल येथे भरले. पुढच्याच वर्षी, मार्च २००८ मध्ये, पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी फादर मॅकगिव्हनी यांच्या वीरोचित सद्गुणांना मान्यता देऊन त्यांना ‘वंदनीय’ घोषित केले.

त्यांना संतपद मिळावे यासाठीच्या प्रक्रियेला हार्टफर्ड धर्मप्रांतात १९९७ साली प्रारंभ झाला होता. २०१५ साली अमेरिकेतील एका कुटुंबाने त्यांच्या मध्यस्थीची याचना केली आणि मातेच्या उदरातील बालकाचा प्राणघातक आजार बरा झाला. हा चमत्कार असल्याचे मे २०२० मध्ये पोप फ्रान्सिस यांनी मान्य केले. ३१ ऑक्टोबर २०२० रोजी हार्टफर्ड येथील सेंट जोसेफ कॅथेड्रलमध्ये कार्डिनल जोसेफ टोबिन यांच्या प्रमुख पौरोहित्याखाली त्यांना ‘धन्य’ घोषित करण्यात आले. जग त्या वेळी पुन्हा एका महामारीने ग्रासलेले होते आणि असंख्य घरांतील कर्ती माणसे अकाली गेली होती. त्यांचा सण १३ ऑगस्ट रोजी, म्हणजे त्यांच्या जन्मदिवस व मृत्युदिवस यांच्या मधल्या दिवशी, साजरा केला जातो.

आपल्यासाठी बोध

फादर मॅकगिव्हनी यांची वाट आपल्याला अपरिचित नाही. १८३३ साली फ्रेडरिक ओझानाम यांनी पॅरिसमध्ये सुरू केलेल्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्थेचे सदस्य आपल्या धर्मग्रामांत आजही गरिबांच्या घरी जाऊन भेट देतात. वसईत १९१८ साली मॉन्सिनियर पी. जे. मोनीस यांनी गरजूंसाठी सुरू केलेल्या पतसंस्थेतून पुढे बॅसीन कॅथोलिक को-ऑपरेटिव्ह बँक उभी राहिली. न्यू हेवनचा तो सहायक धर्मगुरू आणि वसईचे मॉन्सिनियर यांची परिस्थिती भिन्न होती. परंतु दोघांनाही एकच गोष्ट उमगली होती. भाविकाच्या आत्म्याची काळजी वाहायची, तर त्याच्या चुलीची चौकशी करणेही आलेच.

आपल्या गावांत मयताच्या घरी शेजारीपाजारी जेवण पोहोचवतात, दफनविधीला सारा गाव लोटतो. महिन्याच्या मिस्सानंतर मात्र त्या घराकडे फारसे कोणी फिरकत नाही. मुलांची फी, घरावरचे कर्ज, अर्धवट राहिलेले उपचार यांचा हिशोब तेव्हाच सुरू होतो. आपल्या धर्मग्रामांतील मंडळे, संघटना आणि पतसंस्था आपापले रौप्य, सुवर्ण व अमृतमहोत्सव साजरे करतात, तेव्हा मंडप उतरवण्यापूर्वी एक यादी करावयास हरकत नाही : गेल्या वर्षभरात आपल्यापैकी कोण गेले आणि त्यांच्या घरी आज कसे चालले आहे? त्या यादीतील घरांचे दार कोणी ठोठावले, तर महोत्सव सार्थकी लागला असे समजावे.